बोटभर खाली

माझ्या रेघेला केस यायचे.
आंबा काढला तर आंब्याला लव,
तांब्या काढला तर तांब्यावर शहारा.
मागेपुढे, कोरत कोरत, भीत भीत,
अंधारात कडी चाचपावी तशी
मी कागदावर वस्तूची कड चाचपायची.
कांगणे सर वही उलटी धरून म्हणाले,
"कोंबडीनं उकरलंय का गं?"
वर्ग हसला. मीही हसले.
खोडरबर त्या आठवड्यात अर्धा झाला.

मानवतला, मोंढ्याच्या मागे, आबांचं पंक्चरचं दुकान.
दुकानाला लागून मोकळ्या जागेत इनायत पेंटर.
दसरा जवळ आला की कापसाच्या ट्रॉल्या
रेड ऑक्साईड फासून रांगेत उभ्या,
आंघोळीला बसवलेल्या पोरांसारख्या
उघड्या, तांबड्या, ओशाळलेल्या.
मी जुन्या टायरवर बसून बघायची.
ब्रश खारीच्या केसांचा, करंगळीएवढा.
आधी दोनदा तो हवेतच रेघ मारायचा,
पत्र्याला न टेकता.
तिसऱ्यांदा टेकायचा.
तोंडातली सुपारी तेवढा वेळ थांबायची.
अकरा फूट.
हात नाहीच हलायचा, माणूसच सरकायचा
आडवा, खेकड्यासारखा,
आणि पिवळी रेघ मागे राहायची
जणू आधीपासून तिथंच होती,
यानं फक्त धूळ पुसली.

"ब्रशकू नक्को देख बेटा,
ब्रश कहीं भागता नई.
जां पहुंचना है, वां देख."
आणि माझं मनगट दोन बोटांत धरून,
"इसकू सोने दे. काम कंधे का है."

जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर
एक टिंब इथं, एक टिंब तिथं, मध्ये एक श्वास.
शंभर.
उद्या परत शंभर.
आई म्हणाली, "रेघोट्याच ओढायच्यात
तर चुलीमागं पोतेरं तरी फिरव."
फिरवलं. खांद्यातून.

तातेरावांच्या ट्रॉलीची एक बाजू
त्यानं माझ्यावर सोडली.
विचारलं नाही काही. ब्रश दिला नि चहाला गेला.
दोनदा हवेत.
तिसऱ्यांदा, शेवटच्या रिव्हेटवर नजर रोवून,
गेली.
एका दमात. ना केस, ना गाठ.
ओली, पिवळी, चकचकीत,
आणि शेवटाला रिव्हेटच्या
बोटभर खाली.

मी थिनरचं फडकं उचललं.
"रख दे."
मागं तो, हातात बशी.
बशी बोनेटवर ठेवून
रेघेच्या टोकाशी एक डोळा लावला,
बंदूक बघतात तसा.
"गलत है," म्हणाला.
मग जरा वेळानं, "साफ है."
आणि माझ्या रेघेखाली दुसरी ओढली,
तिच्याच कलानं, तेवढीच उतरती.
पलीकडच्या बाजूलाही दोन,
तिथंही बोटभर खाली, मुद्दाम.

तातेराव आले. वाकले. परत वाकले.
"ही उतरली कशी हो?"
"माल भरल्यावर मागनं बसती ना गाडी,
तशी दाखवली," इनायत शांतपणे म्हणाला.
तातेरावांनी बराच वेळ विचार केला
आणि वीस रुपये कमी दिले.

परीक्षेत मला क श्रेणी. तांब्या चपटा आला होता,
पण केस नव्हते त्याला.

आता नगरपरिषदेत नकाशे करते, कॉम्प्युटरवर.
रेघ चुकत नाही,
म्हणजे मी मारतच नाही.
इनायतच्या जागेत मोबाईलचं दुकान आहे,
त्याचं नाव फ्लेक्सवर, तीन रंगांत.

मागच्या पौषात पाथरी रोडला
पुढं एक ट्रॉली, उसानं तुंबलेली.
नंबर पुसट, पत्रा गंजलेला,
आणि कडेला दोन पिवळ्या रेघा
मागं मागं उतरत गेलेल्या.
बोजा होताच. गाडी खरंच मागनं बसली होती.

ती वळेपर्यंत मी स्कूटी थांबवून उभी होते.
उजवा हात वर, हवेत, एकदा, दोनदा.
मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.